सोळा अंशांवरचं कडवळ

ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत आटोपली. फुटबॉलचा वर्ल्डकप होऊन वर्ष होत आलं होतं आणि दोह्याचे रस्ते पुन्हा आमच्यासारख्यांच्या वाट्याला आले होते. साल आधीच सांगून टाकते, कारण आता घरात हा विषय निघाला की माझा मुलगा हेमचंद्र म्हणतो, "आई, किती जुन्या गोष्टी उकरतेस!" मला १९५७ सालच्या गोष्टीही स्वच्छ आठवतात. त्याला मागच्या वर्षीची आठवत नाही, कारण ती त्याला आठवायची नसते.

मी रत्नप्रभा. करमाळ्याकडची. १९७९ साली यजमानांबरोबर कतारला आले, इथल्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. यजमान गेले, मी राहिले. आता मदिनत खलीफात मुलाच्या घरी असते. गुडघे गेलेत, डोळे आणि जीभ शाबूत आहेत.

हेमचंद्र एका खाजगी शेती कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. शेतीशी त्याचा पूर्वीचा संबंध म्हणाल तर सातवीत असताना बाल्कनीतल्या कुंडीत लावलेली मेथी. तिलाही पाणी मीच घालायचे. पण त्याच्याकडे एमबीए होतं आणि शेतावर जायला पांढरे बूट होते.

कंपनीचे मालक कतारी. त्यांचं मागणं साधं होतं : हिवाळ्यात जनावरांना ताजी हिरवी वैरण हवी. उन्हाळ्यात इथे काय उगवणार, तेव्हा थंडीचे चार महिने तरी वापरा. यात चुकीचं काहीच नव्हतं. चूक सुरू झाली ती कौशिक आला तेव्हा.

कौशिक म्हणजे कन्सल्टंट. वय चौतीस, मूळचा पुण्याचा. त्याच्या जॅकेटला अकरा खिसे होते आणि एकातही माती नव्हती. हेमचंद्र त्याला पहिल्यांदा घरी जेवायला घेऊन आला, तेव्हा मी ज्वारीची भाकरी केली होती.

"वॉव काकू, मिलेट! ग्लूटेन-फ्री!" तो म्हणाला आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. मग बोटं चाटत आम्हाला समजावू लागला, "आपण सॉर्घम आणतोय. फोरेज सॉर्घम. थंड प्रदेशासाठी तयार केलेलं खास बियाणं आहे. बघा, दोह्याचा जानेवारी म्हणजे त्यांचा जुलै. दिवसा चोवीस, रात्री चौदा. परफेक्ट मॅच!"

"म्हणजे कडवळ," मी म्हणाले.

"काय?"

"जनावरांसाठी पेरतात ती ज्वारी. आमच्याकडे कडवळ म्हणतात. तू आत्ता खाल्लीस ना, तिचीच बहीण."

"नाही नाही काकू, हे वेगळं. हे हायब्रिड आहे."

हेमचंद्रनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्यांसमोर कवळी काढून ठेवली होती. मी ताक वाढायला उठले.

बियाण्याबरोबर एक जाडजूड पुस्तिका आली. उत्तरेकडच्या कुठल्याशा गार देशातल्या बियाणे कंपनीनं आपल्या शेतकऱ्यांसाठी छापलेली. हेमचंद्र आणि कौशिक तिला 'मॅन्युअल' म्हणत, आणि देवघरातल्या पोथीला हात लावावा तसे तिला हात लावत. त्यात पेरणीच्या प्रकरणात ठळक अक्षरांत एक वाक्य होतं : जमिनीचं तापमान सलग पाच सकाळी सोळा अंश भरेल तेव्हाच पेरा.

आता संपतबद्दल सांगायला हवं. संपत कंपनीचा ड्रायव्हर. पाण्याचा टँकर चालवायचा, पिकअप चालवायचा, वेळ पडली तर पंपही उघडून बसायचा. मंगळवेढ्याचा माणूस, वय एक्कावन्न, कतारमध्ये बावीस वर्षं, राहायला इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या खोलीत, एका खोलीत सहा जण. दर शुक्रवारी शेतावरची भाजी आमच्याकडे पोचवायचा. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चहा घ्यायचा. आत बस म्हटलं तरी बसायचा नाही.

"काकू, आज काय झालं सांगू का?" ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो म्हणाला. "मला थर्मामीटर दिलाय. ह्यो बगा." त्यानं खिशातून वीतभर लांबीची सळई काढली, डोक्यावर काचेची तबकडी. "रोज सकाळी सा वाजता मातीत खुपसायचा आन् फोटो पाटवायचा."

"किती भरतं?"

"आज एकतीस."

"मग पेरा की! उशीर कशाला? एकतीस म्हणजे ज्वारीला मऊ अंथरूण."

"तेच म्हनलं मी. आमच्याकडं हस्ताच्या पावसावर शाळू पेरत्यात, थंडी यायच्या आत कसा गुडघ्याला लागतोय. तर कौशिक सायेब म्हनले, संपत, अजून सोळा झालं न्हाई. सोळा झाल्यावर सांग."

मी हसायला लागले, आणि मग थांबले. म्हटलं, असं असणार नाही. हेमचंद्र माझा मुलगा आहे, मी रसायन शिकवलेल्या शाळेतच शिकलाय.

रात्रीच्या जेवणाला विचारलं. "अरे हेमू, ते सोळा खालून वर येणारं सोळा आहे. त्यांची जमीन मार्चात बर्फाखाली असते. ती तापत तापत सोळावर आली, की ते पेरतात. तुमची आत्ताच एकतीस आहे. तुम्ही काय ती गार व्हायची वाट बघताय?"

"आई, मॅन्युअलमध्ये सोळा लिहिलंय."

"कुठून सोळा ते बघ ना."

"सोळा म्हणजे सोळा, आई."

तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की आकडा नुसता वाचू नका, तो काय सांगतोय ते वाचा. हा नेमका त्या तासाला बाकावर झोपला असणार.

तर कतारातल्या एका शेतावर, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला आणि संपत रोज पहाटे उठून मातीत सळई खुपसत राहिला. एकतीस, अठ्ठावीस, चोवीस. ज्वारीला हवे असलेले सगळे दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेले. ऑफिसात त्याचा आलेख भिंतीवर लावला होता. रेघ खाली उतरत होती आणि लोक खूश होत होते. शेवटी वीस डिसेंबरला सलग पाचवी सकाळ सोळाची भरली. त्या दिवशी ऑफिसात केक कापला. संपतला तुकडा मिळाला नाही, तो पेरणीयंत्रावर होता.

पुढे काय होणार हे करमाळ्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. बियाणं दोन आठवडे मातीत कुडकुडत पडलं. उगवलं ते पिवळट. जानेवारीभर थंडी, लहान दिवस, कोवळं ऊन. त्यातच पंप बिघडला आणि आठवडाभर पाणी तुटलं. फेब्रुवारी उजाडला तेव्हा ते परफेक्ट मॅच पोटरीपर्यंतही आलं नव्हतं.

आणि मालकांनी उद्घाटनाची तारीख केव्हाच ठरवून टाकली होती. आठ फेब्रुवारी, गुरुवार. पाहुणे येणार, फीत कापणार, फाटक उघडणार आणि बत्तीस शेळ्या हिरव्यागार शेतात शिरून चरणार. वरून ड्रोन त्याचं चित्रण करणार.

शेळ्या कंपनीच्या नव्हत्या. मालकांच्या आईच्या, हजराच्या होत्या. हजरा माझ्याच वयाची, मुऐदरला राहते. तिच्या धाकट्या मुलीला मी पूर्वी शिकवणी दिली होती, तेव्हापासून आमची ओळख. ती मला मुअल्लिमा म्हणते, म्हणजे बाई, शिक्षिका. अर्धी अरबी, अर्धी हिंदी आणि उरलेलं हातवारे, यावर आमची तीस वर्षं चालली आहेत. तिला मुलं सहा, पण जीव शेळ्यांत. शेताच्या कडेला त्यांचा गोठा बांधलाय, आणि दर आठवड्याला ती गाडी करून जाते, एकेकीचं तोंड उघडून दात बघते. पण त्या फेब्रुवारीत हजरा उमऱ्याला मक्केला गेली होती. शेळ्या तिच्या मागे, तिला न विचारता, पाहुण्यांसाठी काढल्या होत्या.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला संपत आला. शुक्रवार नव्हता आणि हातात भाजीही नव्हती.

"काकू, शेळ्यांची वैरन काडून टाकाय सांगितलीया. आज दुपारपासनं."

"का?"

"उपाशी ठिवायच्यात. म्हंजे उद्या कॅमेऱ्यापुढं धावत जाऊन खात्यात." त्यानं हातानं पोटरी दाखवली. "पोटरीएवढं बी न्हाई ते. त्यात पानी तुटल्यालं. तुमाला ठाव हाय नव्हं कोवळं कडवळ काय करतंय?"

मला ठाऊक होतं.

१९५७ सालच्या दिवाळीनंतरचा आठवडा. मी नऊ वर्षांची. आमची मोरी नावाची गाय होती, काळी, एका शिंगाची. पावसानं ओढ दिल्यामुळे ज्वारी वीतभर होऊन थांबली होती. मोरी फार हंबरत होती म्हणून मला दया आली आणि मी तिला दाव्यासकट त्या ज्वारीत सोडलं. दहा मिनिटं फक्त. मग ती धापा टाकायला लागली, पाय फाकून उभी राहिली, आणि पडली. तोंडाला फेस आला. वडील गुळाचं पाणी घेऊन धावत आले तोवर ती गेली होती. वडील मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा त्या विषाचं नाव कळलं. सायनाइड. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळल्या पानांत, ते तयार होतं, पीक पाण्यावाचून किंवा थंडीनं खुरटलं की वाढतं, उंच होऊन फुलोऱ्यावर आलं की ओसरतं. आणि उपाशी जनावर अधाशासारखं खातं, म्हणून सगळ्यात आधी तेच मरतं.

मी हेमचंद्रच्या टेबलावरची पुस्तिका उघडली. इतकी जाड पुस्तिका, यात असणारच. होतं. सातवं प्रकरण, 'हिम पडल्यास घ्यायची काळजी'. पहिल्याच परिच्छेदात सगळं स्वच्छ छापलेलं : हिमानं मारलेलं, खुरटलेलं किंवा गुडघ्याच्या वर न गेलेलं पीक जनावरांना घालू नये, विषबाधा होते, उपाशी जनावरं तर मुळीच सोडू नयेत. आणि त्या अख्ख्या प्रकरणावर लाल शाईची तिरकी रेघ. कडेला कौशिकच्या वळणदार अक्षरात : 'लागू नाही. दोह्यात हिम पडत नाही.' खाली हेमचंद्रची सही.

मथळा वाचला होता. आत काय आहे, ते वाचलं नव्हतं.

हेमचंद्रला फोन केला. तो मंडपवाल्याशी बोलत होता.

"आई, आत्ता नको ना. ते चॅप्टर फ्रॉस्टचं आहे. इथे फ्रॉस्ट कुठे आहे?"

"अरे, फ्रॉस्ट सोड. पीक खुरटलंय ना? शेळ्या मरतील, हेमू."

"आई, हे सॉर्घम आहे, तुझी करमाळ्याची ज्वारी नव्हे. कौशिकनं सगळं चेक केलंय. आणि हे तुला कुणी सांगितलं? संपत आलाय का तिथे?"

मी फोन ठेवला. हजराचा लागत नव्हता. मालकांना फोन करायचा तर नंबर हेमचंद्रकडेच.

संपत दारातच उभा होता. त्याचंही कोडं माझ्या लक्षात येत होतं. फाटक त्यानंच उघडायचं होतं. शेळ्या मेल्या असत्या तर फाटक उघडणारा संपत. उघडलं नसतं तर आज्ञा मोडणारा संपत. दोन्हीकडून तोच.

"संपत," मी म्हणाले, "उद्या पहाटे त्यांना वाळलेलं गवत घाल. पोट फुटेस्तोवर घाल. मग फाटक उघड खुशाल. भरल्या पोटाची शेळी त्या पोंग्यांकडे बघणारही नाही."

"कुनी इचारलं तर?"

"माझं नाव सांग. मी आहे ना."

मी आहे ना! हे म्हणायला मला काहीच लागलं नाही. कॉलनीतल्या बायकांना रेसिपी सांगावी तसं म्हणाले.

गुरुवारी मीही गेले. हेमचंद्रला वाटलं, आईला मुलाचं कौतुक बघायचंय. पांढरा मंडप, गालिचे, खजूर, कहवा, पायाखाली नीट कापलेली हिरवळ, जी प्रत्यक्ष पिकापेक्षा उंच होती. कौशिकचा अकरा खिशांचा कोट इस्त्री केलेला. मालकांनी फीत कापली. संपतनं फाटक उघडलं.

बत्तीस शेळ्या डौलात आत आल्या. चार पावलं चालल्या. आणि एकेक करत खाली बसल्या. बसून त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि रवंथ सुरू केलं. पोटं अशी टम्म, की लेझीमवाल्यांनी ढोलकी म्हणून उचलून न्यावीत.

ड्रोन वर घोंगावत होता. खाली काहीच घडत नव्हतं.

"यल्ला! यल्ला! चला!" कौशिक टाळ्या वाजवत ओरडला. एका शेळीनं कान हलवला.

"आजारी आहेत का या?" एका पाहुण्यानं इंग्रजीत विचारलं.

"नाही सर, त्या... ॲडजस्ट होतायत."

कौशिक संपतजवळ गेला. मी तिथेच खुर्चीत होते, म्हणून ऐकलं. "संपत, यांना उपाशी ठेवलं होतं ना?"

"सायेब, तुमी सांगितल्यावर न्हाई म्हननार हाय का मी?"

"मग पोटं बघ ना यांची!"

"हवा भरली आसंल, सायेब. थंडीची भरत्या."

एवढ्यात एक पांढऱ्या कानांची पाठ, अजून न व्यालेली शेळी, उठली. तरुण, अवखळ. तिनं पोंगे हुंगले आणि एक घास तोडला. मग दुसरा. मला समोर मोरी दिसली, दाव्यासकट. मी खुर्चीतून उठायला गेले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. संपत तिच्याकडे निघाला होता, मधे कौशिक उभा राहिला. "खाऊ दे तिला! शूट कर, शूट कर!" पाठीनं तिसरा घास चघळला, तोंड वाकडं केलं, मान वळवली, आणि समोर लोंबणारी कापलेली फीत धरून ओढायला लागली. साटीनची होती. सगळी गिळली. मग ती बॅनरकडे वळली आणि 'ग्रीन विंटर' या प्रकल्पाच्या नावातलं विंटर खाल्लं.

पाहुणे हसले. मालक हसले नाहीत.

शेळी मेली नाही. एकही मेली नाही. संध्याकाळी सगळ्या गोठ्यात परत गेल्या. मी देवाजवळ दिवा लावला आणि वाटलं, सुटलो.

रविवारी हेमचंद्र घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, "संपतला काढलं."

गोठ्यात कॅमेरा होता. पहाटे साडेचारला संपत गवताचे चार गठ्ठे ओढत नेताना त्यात स्पष्ट दिसत होता. कंपनीचं गवत, विनापरवाना, आणि वरून साहेबांशी खोटं.

"मी सांगितलं होतं त्याला," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. त्यानं नाव नाही घेतलं तुझं. पण मला माहीत आहे."

"मग लिही तसं."

"काय लिहू? आई, तू कंपनीत कोणीच नाहीस! तुझ्या सांगण्यावरून ड्रायव्हरनं इव्हेंट बुडवला, असं लिहू?"

"त्यानं शेळ्या वाचवल्या, असं लिही."

"कशापासून? काहीच झालं नाहीये, आई! एकाही शेळीला काही झालं नाही. तिनं तर खाल्लं सुद्धा, सगळ्यांसमोर!"

हे त्याचं खरं होतं. संपतनं काम इतकं चोख केलं होतं, की त्याची गरजच नव्हती असं दिसत होतं.

शुक्रवारी संपत आला. भाजी नव्हतीच. चोवीस तारखेचं तिकीट काढून दिलं होतं.

"मी बोलते त्यांच्याशी, संपत. चूक माझी आहे."

"चूक कसली ओ काकू. शेळ्या जगल्या न्हवं?" तो चहाच्या कपाकडे बघत होता. "काडलं त्याचं काय न्हाई. कदी तरी जायचंच हुतं. पर त्या कागदावर 'चोरी' लिवलंय. हितं बावीस वर्सं काडली, कुनाच्या काडीला हात लावला न्हाई. आता गावात इचारलं, का आलास, तर काय दावू? ह्यो कागद?"

त्यानं खिशातून थर्मामीटर काढून ओट्यावर ठेवला. "ह्यो जमा करून घ्यायचं त्यांच्या ध्यानातच न्हाई. तुमाला असू द्या."

पुढच्या मंगळवारी प्रयोगशाळेचा कागद आला. उद्घाटनाच्या आधीच कौशिकनं पिकाचा नमुना पाठवला होता. प्रथिनं किती, ते जाहिरातीत छापायचं होतं. हेमचंद्रनं तो कागद जेवणाच्या टेबलावर उलटा ठेवला होता. माझ्या घरात उलटा ठेवलेला कागद मी सुलटा करते. प्रथिनं उत्तम होती. त्याखाली ठळक अक्षरांत : सायनाइडचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या अडीचपट. जनावरांना देऊ नये.

"हेमू, हा संपतला दाखवलास?"

त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "आई, त्याची प्रोसेस सुरू झालीये."

"थांबव ती."

"थांबवायची तर कारण लिहावं लागतं."

"मग लिही."

"कारण लिहिलं की चॅप्टर सात निघतं." मग अगदी हळू म्हणाला, "त्याच्यावर सही माझी आहे."

त्याला कळत नव्हतं असं नाही. कळूनही तो पोळीचे तुकडे करत बसला होता. माझा मुलगा वाईट नाही. पण त्या टेबलावर मला वडिलांसारखं गप्प बसता येईना.

बुधवारी हजरा मक्केहून परतली. गुरुवारी सकाळी मी टॅक्सी केली आणि मुऐदरला गेले. पर्समध्ये प्रयोगशाळेचा कागद आणि सातव्या प्रकरणाची फोटोकॉपी. वाटेत मी अरबी शब्द जुळवत होते : विष, कोवळं, थंडी, सायनाइड. सायनाइडला अरबीत काय म्हणतात हे चव्वेचाळीस वर्षांत कधी लागलं नव्हतं.

हजरानं मिठी मारली, मक्केहून आणलेलं झमझमचं पवित्र पाणी दिलं, खजूर दिले. मी पहिल्यापासून सांगायला लागले. उद्घाटन, पाहुणे, तुझ्या शेळ्या.

"माझ्या शेळ्या?"

"हो. आदल्या दुपारपासून उपाशी ठेवायला सांगितल्या, फोटोसाठी, आणि..."

"थांब," हजरा म्हणाली. "उपाशी?"

"हो, म्हणजे ते कडवळ..."

"माझ्या शेळ्या उपाशी?"

कागद बाहेर काढायची वेळच आली नाही. पोंगा, हिम, सोळा अंश, मर्यादेच्या अडीचपट, यातलं काहीही तिला ऐकायचं नव्हतं. तिनं मुलाला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. मालक कुठल्याशा मीटिंगमध्ये होते.

"मी अल्लाच्या घरी गेले होते, आणि तू माझ्या जनावरांपुढचा चारा काढलास?"

"आई, ते कन्सल्टंटनं..."

"कुणी खायला घातलं त्यांना?"

"एका ड्रायव्हरनं. त्याला आपण काढलंय, चोरी..."

पुढचं अरबी इतकं भराभर होतं की मला निम्मंच कळलं. पण 'चोरी' हा शब्द तीन वेळा आला, आणि दर वेळी तो तिच्या मुलालाच उद्देशून होता. शेवटी ती म्हणाली, "खलास," आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "मुअल्लिमा, त्या माणसाचं नाव काय? आणि हे कागद कसले?"

मी कागद पुन्हा पर्समध्ये घातले, आणि परत काढले. लपवले असते तर हेमचंद्र वाचला असता. मी ते तिच्यासमोर ठेवले. माझ्या मुलाची सही त्यावर होतीच. हजराला इंग्रजी येत नाही, पण सही कुणाची, हे तिनं विचारलं. मी सांगितलं.

"तुझा मुलगा?"

"माझाच."

तिनं माझा हात धरला. "माझाही तसाच आहे," ती म्हणाली.

चोवीस तारखेला संपत विमानात बसला नाही.

कौशिक मार्चात दुसरीकडे गेला. हल्ली युरोपातल्या कुठल्याशा गार देशात असतो आणि तिथल्या लोकांना वाळवंटातलं पीक कसं घ्यावं यावर सल्ला देतो. दिवाळीला मेसेज करतो, 'काकू, तुमच्या मिलेट भाकरीची आठवण येते.'

ते पीक मोडायचा हुकूम निघाला होता, पण कुणी सही करेना. म्हणून ते उभं राहिलं. एप्रिलात ऊन तापलं आणि ते बघता बघता माणसाच्या डोक्यावर गेलं, फुलोऱ्यावर आलं, गोड झालं. पुन्हा तपासलं, विष ओसरलं होतं. शेळ्यांनी ते मे महिनाभर खाल्लं. म्हणजे हिवाळ्यातली वैरण भर उन्हाळ्यात मिळाली. अहवालात लिहिलं, प्रकल्प यशस्वी.

हेमचंद्र माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. मालकांनी त्याला बोलावून घेतलं, काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण संपतच्या फाईलमधला तो 'चोरी'चा कागद त्यानं स्वतःच्या हातानं फाडला, हे संपतनं मला सांगितलं. वर्षाअखेरीला कंपनीनं हेमचंद्रला काचेची ट्रॉफी दिली : 'एकाही जनावराचा मृत्यू न होऊ देणारी सुरक्षा व्यवस्था'. ती आमच्या शोकेसमध्ये आहे. तिच्यावरची धूळ मी पुसते. तो ती पाहुण्यांना दाखवत नाही, आणि एवढ्यावरून मला त्याची अजून आशा आहे.

हजराचं मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला शेळ्यांचे दात चष्म्याशिवाय दिसतात. पांढऱ्या कानांच्या शेळीला दोन वेळा जुळी झाली. फीत तिला बाधली नाही.

संपतचा व्हिसा हजराच्या नावावर गेला, तो आता तिच्या नोकरीत आहे. गोठा आणि त्याच्या मागची अर्धा एकर जमीन तो बघतो, खोलीत एकटा राहतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कुणालाही न विचारता, तो बाजारात मिळणारं साधं कडवळ पेरतो आणि फुलोऱ्याआधी कुणाला कापू देत नाही. अजून दोन वर्षांनी मंगळवेढ्याला जाईन म्हणतो. हे तो दर वर्षी म्हणतो.

थर्मामीटर माझ्याकडेच आहे. दही लावताना दूध कोमट झालं का, ते मी त्यानं बघते. बोट बुडवूनही कळतं. पण हेमचंद्र समोर असला, की मी मुद्दाम तो काढते, डोळ्यांजवळ धरते आणि म्हणते, "थांब जरा, अजून सोळा झालं नाही."